बेळगावात ज्येष्ठांना घेऊन अर्ध्या दिवसाचा फेरफटका: कसा आखायचा

बेळगावात पाहुणे येणार म्हटलं की घरातल्या पोरांची यादी तयार असते. किल्ला, कपिलेश्वर आणि मिलिटरी महादेव ही देवळं, काँग्रेस विहीर, बाजार, इथली दुधाची मिठाई कुंदा आणि वेळ उरलाच तर डोंगरावरचा राजहंसगड. चाळिशीच्या आतल्या माणसाला हे एका दिवसात जमतंही. पण कोल्हापूर, सांगली, पुण्याहून आलेली सत्तरीची मंडळी असली की ही यादी बाजूला ठेवा. अर्धा दिवस, एकच भाग, आणि पायी चालणं सगळं मिळून दीड-दोन किलोमीटर, एवढंच धरा. आखणी करताना आधी बसायच्या जागा शोधा, मग शौचालयं, मग रिक्षा कुठं मिळेल ते बघा आणि बघायची ठिकाणं सगळ्यांत शेवटी त्यात बसवा. बहुतेक जण हे नेमकं उलटं करतात. मग अकराच्या उन्हात एखाद्या दुकानाच्या पायरीवर चार जण घाम पुसत बसलेले दिसतात.

आधी माणसं, मग नकाशा

दोन दिवस आधी प्रत्येकाशी फोनवर बोला. "तब्येत कशी आहे?" असं विचारलंत तर "मस्त आहे ओ, मला काय होतंय," एवढंच उत्तर येईल. त्यापेक्षा नेमकं विचारा. कठडा नसलेल्या पायऱ्या चढता येतात का? जमिनीवर बसून उठता येतं का? न थांबता किती मिनिटं चालता? रात्री-पहाटेच्या प्रवासानंतर पाय सुजतात का? कमोड लागतोच का?

गोळ्यांबद्दल विचारताना संकोच नको. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या बऱ्याच रुग्णांना सकाळी लघवी वाढवणारी गोळी असते. ती घेतल्यावर पुढचे दोन-तीन तास त्यांना वारंवार जावं लागतं. अशी माणसं बाहेर पडायचं म्हणून गोळीच टाळतात किंवा पाणी प्यायचं बंद करतात. दोन्ही धोक्याचं. वेळ पुढे-मागे करायची तर ती त्यांच्या डॉक्टरला विचारून. तुमचं काम एवढंच की पहिल्या दोन तासांत शौचालय जवळ राहील असा रस्ता निवडायचा. मधुमेहवाल्यांनी इन्सुलिन घेऊन, न खाता चालायला निघायचं नाही. नाश्ता झाल्याशिवाय फेरी सुरू होत नाही, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर एखादे काका "देवाचं दर्शन झाल्यावरच खातो" म्हणून अडून बसतात.

सहापेक्षा जास्त माणसं नकोत. रिक्षात तिघं बसतात, म्हणजे सहा जणांना दोन रिक्षा झाल्या. या सहांतच दोन धडधाकट माणसं हवीत, एक पुढे आणि एक सगळ्यांत मागे. मागच्याने घाई करायची नाही आणि पुढच्याने वळून वळून बघायचं नाही. मागे राहिलेल्या माणसाला आपल्यासाठी सगळे खोळंबलेत असं वाटलं की तो न झेपणारी चाल धरतो.

दिवस आणि वेळ

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्येही सकाळ सुसह्य असते. तरी ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हाच खरा काळ. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी पडते, तेव्हा साडेआठच्या आत निघू नका. गार हवेत गुडघे आखडतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचा पाऊस हमखास गाठतो, म्हणून अकराच्या आत आटोपा. जून ते सप्टेंबर हा बेत करूच नका. बेळगावचा पाऊस घाटाच्या शेजारचा आहे, दिवसेंदिवस उघडत नाही आणि जुन्या दगडी फरशीवर शेवाळ धरतं.

काही दिवस मात्र ठरवून टाळायचे. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव असतो आणि त्याच दिवशी मराठी माणसांची काळ्या दिनाची फेरी निघते. रस्ते बंद, बंदोबस्त कडक आणि रिक्षा मिळायची मारामार. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधमध्ये भरतं. त्या दिवसांत लॉजच्या खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दर विचारू नका. अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक आणि वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक बेळगावात बघण्यासारख्याच असतात, पण त्या गॅलरीतून किंवा ओळखीच्याच्या माडीवरून. गर्दीत ज्येष्ठांना उतरवू नका. कपिलेश्वराला जायचं असेल तर सोमवार सोडून, श्रावणात तर नकोच.

रंगीत तालीम

आदल्या दिवशी किंवा आदल्या आठवड्यात त्याच वेळेला एकट्याने तो रस्ता चालून या. हे काम घरबसल्या फोनवरच्या नकाशात होत नाही. नकाशाला गटारावरची हलणारी फरशी दिसत नाही. पायऱ्या मोजा आणि कठडा कोणत्या हाताला आहे ते बघा. दर दहा मिनिटांच्या चालीला एक बसायची जागा सापडली पाहिजे: देवळाचा कट्टा, झाडाचा पार, बाग, हॉटेल किंवा ओळखीचं दुकान. सापडलेल्या जागेवर स्वतः बसून उठून बघा. फार बुटका कट्टा निरुपयोगी, त्यावर बसलेल्या माणसाला उठवायला दोघं लागतात. जिथं काहीच नाही तिथं फोल्डिंगचं हलकं स्टूल चालतं. ते धडधाकट माणसाने उचलायचं.

बाजारात स्मार्ट सिटीच्या कामात फूटपाथ झालेत खरे, पण कुठं वीतभर उंच आणि कुठं दुकानदाराच्या मालाने भरलेले. फूटपाथवर चढ-उतर करण्यापेक्षा सकाळी वाहतूक कमी असताना रस्त्याच्या कडेने चाललेलं बरं पडतं. पाट्यांचं म्हणाल तर त्या बहुतेक कन्नडमध्ये आहेत. पाहुण्यांपैकी कुणाला कन्नड वाचता येत नसेल तर गल्ल्यांची नावं देवनागरीत एका कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा, खाली तुमचा फोन नंबर. कुणी चुकलाच तर "गणपत गल्ली कुठं ओ?" एवढं विचारलं की कोणीही हात धरून आणून सोडेल. मराठी, कन्नड, हिंदी, जी येईल ती चालते.

कुठला भाग निवडायचा

माझ्या मते पहिल्या खेपेला किल्ला आणि त्यानंतर रिक्षाने बाजाराचा छोटा तुकडा. दोन्ही मिळून चार तास पुरतात. ज्यांना चालणं अगदीच कमी जमतं त्यांच्यासाठी टिळकवाडी. शहापूरचं खडे बाजार, तिथली सराफी दुकानं आणि हातमागाच्या साड्या हा बायकांच्या आवडीचा वेगळा बेत आहे. शहापूर पूर्वी पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होतं. सांगलीहून आलेल्या मंडळींना हे सांगितलं की त्यांना ते लगेच आपलं वाटू लागतं. पण साडीखरेदी आणि फेरफटका एका दिवशी नको. साडीच्या दुकानात गादीवर मांडी घालून दोन तास बसल्यावर कुणाचेही पाय चालायला तयार नसतात.

कॅम्प भागात रुंद रस्ते, जुनी झाडं आणि १८६९ चं सेंट मेरी चर्च आहे. छान भाग, पण अंतरं लांब आणि मध्ये बसायला फारसं काही नाही. तो रिक्षातूनच बघावा. राजहंसगड पुढच्या पिढीसाठी राहू द्या.

किल्ला

बेळगावचा किल्ला भुईकोट आहे, आणि ज्येष्ठांसाठी ही सगळ्यांत मोठी सोय. चढण नाही, बुरूज चढायची सक्ती नाही, आत सरळ सपाट रस्ते आहेत, झाडांची सावली आहे आणि रिक्षा थेट आत जाते. मुख्य बसस्टँडपासून अंतर थोडकं, तरी रस्ता ओलांडण्याची कसरत टाळण्यासाठी रिक्षानेच या. आठच्या सुमाराला दारात पोचा, डिसेंबर-जानेवारीत थोडं उशिरा.

दारातच गणपती आणि दुर्गादेवीची देवळं आहेत. इथं पहिला थांबा. दर्शन होतं, मंडळी स्थिरावतात आणि कोण कसं चालतंय याचा तुम्हाला अंदाज येतो. खंदक इथूनच दाखवा. इंग्रजांनी १८१८ मध्ये पेशवाईच्या अखेरीस हा किल्ला वेढा घालून घेतला. खंदकाकडे बघत उभं राहिलं की तो वेढा सांगायला सोपा जातो. दोन-तीन वाक्यांत सांगा, जास्त लांबवू नका. उभ्याने ऐकणाऱ्याचं लक्ष गोष्टीत कमी आणि कंबरेत जास्त असतं.

तिथून कमल बस्ती. जमेल ते चालत, न जमेल ते रिक्षाने. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ मध्ये बांधलेलं हे जैन मंदिर, आत काळ्या पाषाणाचे नेमिनाथ. रट्टांच्या काळात बेळगाव वेणुग्राम होतं. बाहेर चपला काढाव्या लागतात आणि चामड्याच्या वस्तू आत नेत नाहीत, तेव्हा पट्टा आणि पाकीट आधीच बाजूला काढायला सांगा. मधुमेह असलेल्यांना अनवाणी चालवू नका, पायाला लागलेलं त्यांना बऱ्याचदा कळत नाही. जाड सुती मोज्यांचा एकेक जोड बरोबर ठेवा. तळाला रबराचे ठिपके असलेले मिळाले तर उत्तम, कारण साधे मोजे गुळगुळीत दगडावर सटकतात. पायऱ्या थोड्याच आहेत, पण दगडी आणि उंचीला कमी-जास्त. आपण एक पायरी खाली, थोडं बाजूला उभं राहायचं आणि आपला हात आडवा धरायचा. त्यांनी आपला हात पकडायचा, आपण त्यांचा नाही. त्यांचा तोल गेला तर ते आपल्यावर भार टाकू शकतात. आपण त्यांना ओढलं तर दोघंही पडतो.

आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत मिनिटभर जागेवरच थांबा. उन्हातून एकदम सावलीत आलेल्या म्हाताऱ्या डोळ्यांना पुढचा उंबरठा दिसत नाही. मोतीबिंदू झालेल्यांना तर मुळीच नाही. "काकू, इथं उंबरठा आहे बरं का," असं प्रत्येकाला स्वतंत्र सांगा. एकदाच ओरडून सांगितलेलं मागच्याला ऐकू जात नाही.

मंडपाच्या छताला दगडात कोरलेलं, खाली झुकलेलं कमळ आहे. त्याच्या बहात्तर पाकळ्या भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतल्या चोवीस-चोवीस तीर्थंकरांच्या, असं सांगतात. मंदिराला नावच त्यावरून पडलं. अडचण अशी की ते बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते, आणि मानेचे मणके झिजलेल्या माणसाला तिथंच गरगरतं. त्यावर सोपा तोडगा आहे. फोनचा सेल्फीचा कॅमेरा चालू करा आणि फोन पोटाजवळ आडवा, स्क्रीन छताकडे करून धरा. अख्खं कमळ तळहातावर दिसतं, हवं तर बोटांनी मोठं करून एकेक पाकळी बघता येते. ज्यांना फोन जमत नाही त्यांच्यासाठी पर्समधला छोटा आरसा. मान वर करायची असेलच तर खांबाजवळ उभं राहून, पाठीला कुणाचा तरी हात ठेवून. खांब घोटून इतके गुळगुळीत केलेत की त्यात आपला चेहरा अंधुक दिसतो. मंडळी बराच वेळ त्यातच रमतात, रमू द्या. शेजारी चिक्की बस्ती आहे, ती बाहेरून बघितली तरी चालेल.

किल्ल्यात लष्कराची ठाणी आहेत. पहारा दिसला की कॅमेरा खाली आणि जवानाने "इकडे नको" म्हटलं की वाद न घालता मागे फिरायचं. सफा मशीद याच परिसरात आहे. आदिलशाहीतला सरदार असदखान लारी याने ती १५१९ मध्ये बांधली. तिच्या खांबांत जुने कोरीव लेख आहेत, एक रट्टांच्या काळातला आणि एक देवगिरीच्या यादव कृष्णाचा, १२६१ चा. जायला मिळालं तर जरूर जा, नाही मिळालं तर रुखरुख नको.

त्यापेक्षा रामकृष्ण आश्रमाला वेळ द्या, कारण इथं शांतपणे बसता येतं. उघडं असण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले ते आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडे उतरले. मग वन खात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे, किल्ल्यातल्या या घरात राहायला आले. शिकागोच्या परिषदेच्या आदल्या वर्षीची गोष्ट, तेव्हा त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. भाट्यांच्या घरच्यांना नवल वाटलं ते संन्यासी विडा आणि तंबाखू खातो याचं! हा प्रसंग सांगितला की एरवी गप्प बसणारे आजोबासुद्धा खुलतात, आणि कुणीतरी आपल्या खिशातली चंची चाचपतो.

पावणेदहापर्यंत किल्ला आटोपता घ्या. बाहेर पडताना "कुणाला जायचंय का?" असं घोळक्यात विचारू नका. "आपण सगळेच एकदा जाऊन येऊ," असं म्हणा. बायका विशेषतः चारचौघांत बोलत नाहीत आणि पुढचा तासभर अवघडून काढतात.

बाजाराचा तुकडा

रिक्षाने गणपत गल्लीच्या तोंडाशी उतरा. दहाच्या सुमाराला दुकानांची शटर उघडत असतात, झाडलोट चाललेली असते आणि दुचाक्यांची झुंबड अजून यायची असते. साडेअकरानंतर इथं चालणं म्हणजे हॉर्नला घाबरणं. तासभर फिरायला गणपत गल्ली, मारुती गल्ली आणि किर्लोस्कर रोड एवढं पुरे. रामदेव गल्ली, खडे बाजार पुढच्या वेळेला.

गणपत गल्लीत सार्वजनिक वाचनालय आहे, १८४८ पासूनचं. निवृत्त शिक्षक मंडळींना इथं नेलं की बाकी काही दाखवायची गरज उरत नाही. विचारून आत बसा, आवाज न करता वर्तमानपत्र चाळा. मारुती गल्लीत मारुतीचं देऊळ, हा दुसरा विसावा. किर्लोस्कर रोडवर फिरताना सांगण्यासारखी गोष्ट अशी की किर्लोस्करांचा उद्योग इथल्या सायकलच्या दुकानापासून सुरू झाला, १८८८ मध्ये. पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर आले, आणि १९१० मध्ये बेळगाव सोडून कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. शेतकरी घरातल्या प्रत्येक आजोबांना तो नांगर माहीत असतो. त्यांनाच बोलू द्या, तुम्ही ऐका. लोकमान्यांनी एप्रिल १९१६ मध्ये होमरूल लीगची स्थापना केली तीही याच गावात.

ज्यांच्यात दम आहे त्यांनी रिसालदार गल्लीपर्यंत जावं. विवेकानंद आधी उतरले होते ते भाट्यांचं घर तिथं स्मारक म्हणून जपलंय. बाकीच्यांना चहाला बसवा. "मी बसते की इथंच, तुम्ही या बघून," असं कुणी म्हटलं की आग्रह करू नका. पण त्या माणसाला एकटं सोडू नका, एक जण सोबत ठेवा.

कपिलेश्वर हवाच असेल तर इथून पुन्हा रिक्षा. रेल्वेच्या उड्डाणपुलावरून चालत जाऊ नका, चढ दिसतो त्यापेक्षा दमवणारा आहे. देवळाच्या मागची-पुढची पाऊलवाट ओली असते, चपला ठेवायच्या जागेपासून हात धरून न्या. दक्षिण काशी म्हणतात, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांचा हट्ट असणारच. मग त्या दिवशी बाजार अर्ध्यावर तोडा.

खाणं, पाणी आणि कमोड

बाजारातल्या हॉटेलांत फॅमिली रूम बऱ्याचदा वरच्या मजल्यावर आणि शौचालय मागच्या बोळात, तेही भारतीय पद्धतीचं. म्हणून तालमीच्या दिवशीच एक हॉटेल पक्कं करा. तळमजला, पाठीला टेकायला खुर्ची आणि कमोड, या तिन्ही गोष्टी हव्यात. चव चौथ्या नंबरला. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवलं की "अण्णा, उद्या ज्येष्ठांसह सहा जण येणारेत, खालचं टेबल ठेवा," तर ते ठेवतात. पिशवीत साबण, टिश्यू आणि रुमाल असू द्या.

इडली, उपीट किंवा साधा डोसा दहाच्या चहाबरोबर घ्या. भजी-मिसळीचा मोह परतल्यावर. चटणी तिखट असते, पाहुण्यांना आधी सांगा. पाणी आपलंच न्या, माणशी अर्धा लिटर, आणि दर थांब्याला दोन घोट प्यायला लावा. तहान लागल्यावर पिऊ म्हणणाऱ्यांना या वयात तहान उशिरा कळते. मधुमेहवाल्यांसाठी खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोजची बिस्किटं हवीतच.

रिक्षा आणि बस

बेळगावात मीटरने रिक्षा क्वचितच चालते, भाडं आधी ठरवावं लागतं. प्रत्येक टप्प्याला नवी रिक्षा शोधण्यापेक्षा सकाळीच चार तासांसाठी दोन रिक्षा बोला. पैसे थोडे जास्त जातात, पण थांबलेल्या रिक्षात पिशव्या राहतात आणि दमलेल्या माणसाला केव्हाही बसता येतं. चालक पोक्तसा बघा. रिक्षात चढताना आधी बूड टेकवायचं, मग पाय आत घ्यायचे, ही सवय सगळ्यांना लावा. उलटं केलं की डोकं वरच्या दांडीला आपटतं.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिकडच्या एसटीतली ज्येष्ठांची सवलत इथल्या कर्नाटकच्या बसमध्ये चालत नाही. बायकांना मोफत प्रवासाची शक्ती योजनाही कर्नाटकच्या रहिवाशांसाठीच आहे. सुट्टे पैसे जवळ ठेवा, नाहीतर कंडक्टरशी उगाच हुज्जत होते.

टिळकवाडीचा पर्याय

गुडघ्यांनी अगदीच हात टेकले असतील तर किल्ला-बाजार सोडून टिळकवाडीत या. रस्ते सपाट, झाडी दाट, गोंगाट कमी. काँग्रेस रोडवरची काँग्रेस विहीर, तिचं नाव पंपा सरोवर, आणि शेजारचं वीर सौध हेच मुख्य ठिकाण. डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचं एकोणचाळिसावं अधिवेशन इथं भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते याच अधिवेशनात. सगळी व्यवस्था बघणारे गंगाधरराव देशपांडे, अधिवेशननगराचं नाव विजयनगर, आणि पाण्यासाठी म्हणून खणलेली ही विहीर. गाण्याची आवड असलेल्यांना सांगा की गंगूबाई हनगल यांनी लहान मुलगी असताना त्याच अधिवेशनात गांधीजींसमोर गायलं होतं, आणि त्याच वर्षी बेळगावजवळच्या सुळेभावीत कुमार गंधर्वांचा जन्म झाला. वीर सौधमध्ये फोटो लावलेत, ते बघायला अर्धा तास लागतो. फोटोंखालचा मजकूर वाचता आला नाही तर तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. मग तिथून रिक्षाने मिलिटरी महादेव, बागेत बाकावर तासभर. एवढ्याने सकाळ भरते.

काही झालंच तर

छातीत दुखणं, जीभ अडखळणं, हात लुळा पडणं, घाम फुटून गळून जाणं यांतलं काहीही दिसलं की "पाच मिनिटं बघू" म्हणायचं नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसह सगळ्यासाठी ११२. किल्ला आणि बाजार या दोन्हींपासून सिव्हिल हॉस्पिटल फार लांब नाही, आणि नेहरूनगरात केएलईचं मोठं रुग्णालय आहे. प्रत्येकाच्या गोळ्यांची यादी, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून ती तुमच्याकडे ठेवा. त्यांच्याकडे ठेवली तर ऐनवेळी पिशवीत सापडत नाही. नुसता पाय मुरगळला तर तिथल्या तिथं बसवा, बूट काढू नका, रिक्षा जवळ आणा.

साडेअकराला परत फिरा, एखादी गल्ली राहिली तरी. जेवून दुपारची झोप झाली पाहिजे, तरच संध्याकाळी माणसं पुन्हा गप्पांना ताजी होतात. कुंदा सगळ्यांत शेवटी, रिक्षात बसण्याआधी घ्या. सकाळीच घेतलेला डबा चार तास उन्हात हिंडतो, आणि दुधाची वस्तू आहे. दुकानदाराला किती दिवस टिकेल ते विचारा आणि कुणी रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणार असेल तर तेही सांगा. तो त्याप्रमाणे बांधून देईल. मांडे घ्यायचे असतील तर ते हातातच न्यावे लागतात, पिशवीच्या तळाशी गेले की चुरा होतो. ज्यांना साखर चालत नाही त्यांनी चव घ्यायला चमचाभर मागावा, दुकानदार नाही म्हणत नाहीत.